गुडघ्यांची बिडी

तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या मोकळ्या जागेवर, एरवी पानांचे पुडे मोजतात. २००९ च्या मे महिन्यात तिथं गुडघे मोजले जात होते! डोकं भाजणारं ऊन, आणि अख्खा चिखलटोला गाव मांडवाखाली दाटलेला. मधोमध धूरबाबा, भगवी लुंगी, कानात बिडी.

"रामाजी, बस!"

पासष्ट वर्षांचा रामाजी उकिडवा बसला.

"ऊठ!"

हात न टेकता उठला पठ्ठ्या. तोंडातली बिडीसुद्धा विझली नाही. टाळ्याच टाळ्या!

"आता बिडी न पेणाऱ्या बाया बसा." बाया बसल्या, आणि उठताना सगळ्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. बाबा गरजला, "पाह्यलं? धूर हाडात मुरला का गुडघा लोण्यावानी फिरते! मंतरलेली बिडी घ्या. वरून खडीसाखरेचा प्रसाद फुकट!"

सगळ्यांत पुढं सोनीबाई. तिला पानं तोडायला जंगलात जायचं होतं आणि गुडघे ऐकत नव्हते. तिला दमाही होता. तिची मुलगी सत्यशीला सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला, सुट्टीवर आलेली. तिनं मायचा हात धरला.

"माय, तुले दमा हाय. बिडीनं जीव जाईल तुया."

"तुया बापाचे गुडघे कधी दुखले का? रोज दोन बंडल पेत होता."

"पंचेचाळीसचा होऊन खोकत खोकत गेला तो! गुडघे दुखाले वेळ कुठी भेटला त्याले?"

सोनीबाईचा हात तरी बिडीकडेच. सत्यशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट बाबापुढं उभी राहिली.

"बाबा, प्रसादात काय हाय?"

"साखर, पोरी. निव्वळ साखर. शक्ती सगळी बिडीत."

"मंग चिठ्ठ्या टाकू. आमच्या केंद्रात धानाच्या कोणत्या बांधीत कोणतं बियाणं, ते चिठ्ठीनं ठरते. नाई तं आवडतं बियाणं तलावाखालच्या चांगल्या बांधीत पडते, आणि पीक आलं का लोक बियाण्याचे गुण गातात. इथं वीस बाया हायेत. दहा जणींले नुसती बिडी, दहा जणींले नुसती साखर."

बाबाचा चेहरा उतरला. "देवाची परीक्षा घेते का?"

"देवाची नाई, साखरेची."

लोक हसले. आता माघार घ्यायची कशी? साखरच आहे असं स्वतःच सांगून बसला होता बिचारा!

चिठ्ठ्यांची टोपली फिरली. सोनीबाईनं हात घातला तेव्हा सत्यशीला तिला खेटून उभी राहिली. बिडी निघाली असती तर तिनं ती हिसकावून फेकली असती, नियम गेला खड्ड्यात. पण चिठ्ठी साखरेची निघाली.

दोन तासांनी पुन्हा बसणं-उठणं झालं. बिडीवाल्या दहाही जणी खोकत होत्या, आणि "आई गं" तसंच. साखरवाल्यांपैकी आठ जणी मात्र टुणकन उठल्या. त्यांत सोनीबाई!

"वो बाबा, मी तं बिडी पेलीच नाई!"

सत्यशीलेनं एक खडा चावला. आधी गोड, मग कडूजहर. तोवर सोनीबाईनं बाबाची झोळी पालथी केली. दुखणं मारणाऱ्या गोळ्यांची पाकिटं, आणि त्या कुटायचा छोटा खल.

"ते... ते माया दुखण्याचं हाय," बाबा चाचरला.

"तुले काऊन लागते गोळी?" सोनीबाई कडाडली. "तू तं बिडी पेते!"

अशा गोळ्या माप न कळता खात राहिलं तर पोट आणि किडनी जाते, हे सत्यशीलेनं सांगेपर्यंत बाबा मांडवाबाहेर होता. गावातल्या दोघांनी त्याला पुन्हा आत आणून बसवला.

रामाजीला मात्र चैन पडेना. "पोरी, पण माये गुडघे तं खरंच चांगले हायेत!"

"रामाजीभाऊ, जन्मात कधी धानाचा रोवणा केला?"

"तो तं बायाच करतात."

"तेच तं! तीस-तीस पावसाळे चिखलात वाकून रोवणा करतात त्या बाया, आणि बिडी पेता तुम्ही गडीमाणसं. ज्यायनं तुमच्याहून जास्त पेली, ते आज टाळ्या वाजवाले हायेत का?"

रामाजीनं मनातल्या मनात सोबती मोजले. बिडी खाली ठेवली.

"मंग खरं कसं कळन?"

"चिठ्ठीनंच. माणसाले जन्मभर बिडी पे म्हणून चिठ्ठी देता येत नाई. पण एक चिठ्ठी निसर्ग टाकते, मायच्या पोटात. काहींच्या अंगात जन्मतःच असा गुण येते, का बिडी धरली तं इतरांहून जास्त लागते. तो गुण कोण रोवणा करते ते पाहत नाई. गेल्याच वर्षी शास्त्रज्ञांले तो सापडला, आमच्या साहेबांनं वाचून दाखवलं. आता बिडी पेणाऱ्यायमध्ये तो गुण असणारे आणि नसणारे, दोघांचे गुडघे मोजाचे. बिडीनं गुडघे वाचत असन, तं जास्त पेणाऱ्या गुणवाल्यायचे जास्त चांगले निघाले पाहिजे."

"निघाले का?"

"मले माहीत नाई. माहीत नाई ते मी सांगणार नाई. धूर फुप्फुसाचं काय करते, ते मात्र कवाचं मोजून झालं."

रामाजी हळूच म्हणाला, "म्हणजे बिडी मले सुटत नाई, तो माया एकट्याचा गुन्हा नाई तं."

"नाई भाऊ. गुन्हा तं हा बाबा करून राह्यला."

संध्याकाळी गोळीचा जोर उतरला, सोनीबाईचे गुडघे पुन्हा ठणकायला लागले. तरी मुलीच्या खांद्यावर हात टेकून ती मांडवात उभी राहिली.

"उद्या सरकारी दवाखान्यात जाईन मी. दुखन तं दुखन, पण उपाय विचारून घेईन, पारखून घेईन. आणि ही टोपली इथंच फळीवर टांगून ठेवा रे. पुढचा बाबा आला का त्याच्यापुढं हीच धरा. चिठ्ठ्या मी टाकीन!"