शांततेला लागलेली दृष्ट

जिन्यातली पाटी: दुपारी तीन ते साडेपाच शांतता पाळावी. गालिचे झटकू नयेत.

डोंगरावरच्या दफनभूमीत एक संगमरवरी दगड. नावाखाली एकच शब्द: गालिनी.

पेनल्टी. रेडिओवरचा माणूस घसा फाटेपर्यंत ओरडतोय, "प्सिख्रेमिया, पोरांनो, प्सिख्रेमिया." चेंडू खांबावरून थेट प्रेक्षकांत.

चौथीचा वर्ग. बाई टेबलावर डस्टर आपटतात: इसिखिया.

मासळीबाजार. नवरा-बायकोचं कोळंबीवरून वाजलंय. तो म्हणतो, "इरेमिया, बायो, इरेमिया." ती हातातली पिशवी उचलते आणि त्याच्या पायावर सोडते.

भर जुलैत माझी बहीण मेल्पो कोटांच्या कपाटात दार लावून बसली आहे.

*

कपाटापासून सुरुवात करू.

लंडनच्या एका कंपनीनं फोनमध्ये घालायचं काहीतरी काढलं होतं. चिडलेल्या माणसानं ते कानाला लावायचं, एक बाई मऊ आवाजात बोलणार, माणूस निवणार. ते ग्रीकमध्ये आणायचं होतं. मेल्पोनं भाषांतर करायचं आणि आवाजही तिचाच; कोटांत आवाज घुमत नाही, म्हणून मुद्रण कपाटात. नमुन्यासाठी फक्त पाच ओळी दिल्या होत्या: तू शांत आहेस, तुझं मन स्थिर आहे, वगैरे. पाच ओळींत शांततेला पाच वेगळे ग्रीक शब्द, इसिखियापासून गालिनीपर्यंत. लंडनवाले तो नमुना तीन अनोळखी ग्रीक माणसांना ऐकवणार आणि ती निवली की नाही ते बघणार.

निवली, तर मेल्पोला पूर्ण काम, इथं कावालातच, आपल्या घरात बसून. नाही निवली, तर परत अथेन्स आणि वीजबिलांच्या तक्रारींचा तोच फोन. तिथं लोक दिवसभर तिच्यावर ओरडायचे, ती त्यांना शांत व्हा म्हणायची, म्हणून ते आणखी ओरडायचे. तिचे केस तिथंच गळायला लागले होते. सुट्टी संपत आली होती, नमुना शुक्रवारी द्यायचा होता.

"इंग्रजांकडे हे शब्द इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्यांसारखे आहेत, झिसी," ती मला म्हणाली. "सिरीन. ट्रँक्विल. कम्पोज्ड. एकावरही सुरकुती नाही."

"आपल्याकडे काय कमी आहेत?"

"आहेत की. पण सगळे अंगावरचे. ज्याला हात लावावा त्याला कुणाच्या तरी ओरडण्याचा वास येतो."

मी म्हटलं, वास तुला येतो, तू भाषांतरवाली. साध्या माणसाला कशाला येईल?

म्हणून आम्ही दोन साधी माणसं बोलावली.

*

साधं माणूस पहिलं: एवान्थिया मावशी, आईची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहते. तिच्या कुजबुजीनं कबुतरं उडतात.

साधं माणूस दुसरं: स्त्रातोस कप्तान. समोरच्या दाराचे. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, आता बाल्कनीत उभं राहून बंदरातल्या प्रत्येक बोटीला नावं ठेवतात.

दोघांना सोफ्यावर बसवलं. कॉफी दिली. पडदे ओढले. मेल्पोचा आवाज खोलीत पसरला, खरंच मऊ.

इसिखिया, असं तो आवाज म्हणाला, आणि मावशी उठून बाल्कनीत गेली.

"कोण आवाज करतंय गं?"

"कुणी नाही मावशी. तू बस."

"मग ती गप्प बसा का म्हणाली?"

"तुझ्या आत गप्प."

"माझ्या आत कोण बोलतंय?"

प्सिख्रेमिया आली तेव्हा कप्तानांनी कप खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. "हा शब्द मी जहाजावर दोनदा ऐकला," ते म्हणाले. "एकदा आग लागली होती. दुसऱ्यांदा पाणी शिरलं होतं."

गालिनीला मावशीनं क्रूसाची खूण केली. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, बाई," कप्तान म्हणाले. "समुद्राबद्दल बोलतेय, लाट नसली की गालिनी. मात्र एवढं गालिनी म्हणत असेल, तर उद्या दक्षिणेचा वारा सुटणार. होड्या बांधून घ्या म्हणावं."

इरेमियाला दोघंही एकदम म्हणाले, "आम्ही काय केलं?"

शेवटची ओळ संपली. आवाज थांबला. मावशी कपाळ दाबून बसली होती. कप्तानांचा एक डोळा पाणावला होता.

"कसं वाटतंय?" मेल्पोनं विचारलं.

"डोकं उठलंय," मावशी म्हणाली.

"माझंही," कप्तान म्हणाले. "मानेपासून वर."

मेल्पो माझ्याकडे बघून म्हणाली, "अथेन्सचं तिकीट काढ."

*

"थांब," मावशी म्हणाली. "हे डोकं साधं नाही. दृष्ट लागलीय."

"कुणाची?"

"तुझी. म्हणजे त्या यंत्रातल्या तुझी. ऐक ना पोरी, पाच वेळा म्हणालीस. तू किती शांत, तुझं मन किती स्थिर. सुंदर बाळ दिसलं तर आपण काय करतो? एकदा तरी थुंकलीस का?"

मेल्पोनं फोन उलटा ठेवला.

"चांगलं म्हणायचं आणि थुंकायचं नाही. शत्रूसुद्धा असं करत नाही."

"मावशी, त्यात थुंकायचं लिहिलेलं नाही."

"इंग्रजांचं लिहिलेलं. त्यांना दृष्ट लागत नसेल, रंगच तसा."

तिनं स्वयंपाकघरातून खोल बशीत पाणी आणलं, तेलाची बाटली आणली. कप्तानांना पुढे ओढलं. बोट बुडवून तेलाचा थेंब पाण्यात सोडला. थेंब गोल राहायला हवा होता, पण तो पसरला आणि दिसेनासा झाला.

"बघा," ती म्हणाली, आणि पुटपुटायला लागली.

मी मावशीला एवढ्या खालच्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते. पुटपुटताना तिला जांभई आली. भारी दृष्ट असली की उतरवणाऱ्याला जांभया येतात. मग दुसरी आली, पहिलीहून मोठी. तिसरी मला आली. मेल्पोनं तोंडावर हात धरला. मावशी मधेच "फ्तू, फ्तू, फ्तू" करायची, अगदी हलकं, पीठ फुंकल्यासारखं, आणि पुन्हा पुटपुटायची. कप्तानांची हनुवटी छातीवर टेकली.

मेल्पो बशीकडे बघत नव्हती. मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणतेस गं तू?" तिनं नंतर विचारलं.

"तुला नाही सांगता येत. बाईनं पुरुषाला सांगायचं, पुरुषानं बाईला. बाईनं बाईला सांगितलं की उतरेनासं होतं."

"मग झिसीला सांग. तो मला सांगेल."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कांदे आणायला पाठवलं तर लसूण आणतो. याच्या तोंडातून गेलं तर कुणाची तरी दाढदुखी सुरू होईल."

"राहू दे," मेल्पो म्हणाली. "शब्द नकोच आहेत मला. शब्द माझ्याकडे पाच आहेत."

कप्तान घोरत होते.

*

ती परत कपाटात गेली. मी बाहेर उभा. मावशी दाराला कान लावून.

आतून मेल्पोचा आवाज यायला लागला. शब्द तेच, पण आता ती कुणाला काही सांगत नव्हती. बशीवर वाकल्यासारखी स्वतःशी पुटपुटत होती. तू शांत आहेस. जांभई. फ्तू, फ्तू, फ्तू.

"हलकं थुंक," मावशी दारातून म्हणाली. "माणूस आहे समोर, कुंडीतल्या झाडाला पाणी नाही घालत आपण."

ते वाक्य नमुन्यात गेलं. म्हणून परत सगळं पहिल्यापासून.

शुक्रवारी नमुना लंडनला गेला. सोमवारी विचारणा आली: ध्वनिमुद्रणात दोष दिसतो, प्रत्येक ओळीनंतर कुणी थुंकल्यासारखा आवाज आहे, काढून टाकावा का?

आवाज काढला असता तर लंडन खूष झालं असतं. तिनं उत्तर लिहिलं: तो दोष नाही, ते भाषांतर आहे. श्रोत्यांना विचारा.

मग आम्ही वाट पाहिली. मेल्पोनं बॅग भरली, काढली, पुन्हा भरली. मावशी रोज तिच्यासाठी बशीत तेल सोडायची आणि थेंबाचं काय झालं ते सांगायची नाही.

श्रोत्यांचं म्हणणं आलं. पात्रा शहरातल्या एका बसचालकानं लिहिलं होतं, छान, पण गाडी चालवताना ऐकू नये. लारिसा गावातल्या एका बाईंनी विचारलं होतं की ही मुलगी कुणाची, लग्न झालंय का. तिसऱ्यानं काहीच लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीनंतर तो झोपला होता.

काम मेल्पोला मिळालं.

"वा," कप्तान म्हणाले, "आता तू कायमची इथंच."

मावशीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"फ्तू, फ्तू, फ्तू," कप्तान घाईघाईनं म्हणाले.

जिन्यातली शांततेची पाटी एवान्थिया मावशीनं लिहिली होती, आणि तिचा खिळा तिनं भर दुपारी चार वाजता ठोकला होता.