गंगीचा पत्ता

तुळजाबाईकाकूंची गंगी म्हैस सकाळी अंगणातलं दावं तोडून गेली, तीही दिवस भरलेली. एकटी कुठे व्यायली तर रेडकू जगेल की नाही, याचा काकूंना घोर.

"आदी मागं जुन्या गोठ्यात बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तितं कुटला आलाय आता गोठा?" नथूकाकांनी उडवून लावलं. नांद्यात हल्ली गोठा ठेवतो कोण? तो पाडून काका भाड्याच्या खोल्या बांधत होते. भिंती झाल्या होत्या, दारं बाकी होती.

मी त्यांची भाडेकरू, हिंजवडीत आयटीत नोकरीला. म्हणून शोधायचं काम माझ्याकडे. मोबाईलवर 'हरवलेली म्हैस, नांदे' टाकलं. आधी नांद्यातले टू बीएचके आले, मग म्हशीवर कर्ज, मग 'म्हैस हरवण्याची दहा कारणे'. लगेच एका एजंटाचा फोन: "मॅडम, म्हैस स्वतःसाठी बघताय की इन्व्हेस्टमेंट म्हणून?"

चिडून मी एआयला विचारलं. त्याने ठामपणे सांगितलं, गंगी कासारसाईच्या धरणावर डुंबते आहे. काका स्कूटर काढून सुटले. तिथे म्हशी होत्या, गंगी नव्हती.

"तुमचं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली," मी तसं सांगताच मोबाईल गोड आवाजात म्हणाला. "गंगी सूसमधल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये आहे."

आता मीही काकांच्या मागे बसून सूसला. वॉचमनने विचारलं, "भैंस कौनसे फ्लॅट में आयी है?" फ्लॅट नंबर नाही म्हणून आत सोडलं नाही. काकांनी कुंपणावरून डोकावलं. पूलमध्ये दोन जाडे गृहस्थ होते.

घरी येऊन मी मोबाईलला झापलं. "तुमचं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली."

मला त्याच्या गोडपणाचा संताप आला होता. काकू मात्र पदराने डोळे पुसत होत्या. "बोलणं फिरवतो म्हंजे द्येव न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् चूक झाली म्हणतो म्हंजे नवरा बी न्हाई. कोन हाय गं ह्यो?"

तेवढ्यात घरामागून रेकणं ऐकू आलं. पहिल्याच अर्धवट खोलीत, पूर्वी जिथे गव्हाण होती तिथे, सिमेंटच्या पोत्यांशेजारी गंगी उभी होती, ओलं रेडकू चाटत.

काकूंनी धावत जाऊन रेडकू आचळाला लावलं. ते चुटूचुटू प्यायला लागल्यावरच त्या नवऱ्याकडे वळल्या.

काकांनी गंगीकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, घसा खाकरला. "तुजं अगदी बरोबर हाय. माजी चूक झाली."

काकू दचकल्या.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "म्हशीचं ऱ्हाऊ दे. आदी ह्यांना ताप हाय का बघ."