खंडेनवमीची चाकं

बैलगाडीचं चाक आनि होडीच्या ट्रेलरचं चाक, दोन्हीला चाकच म्हनत्यात, म्हनून लोकांना वाटतं दोन्हीची जात एक. डोंबलाची एक! बैलगाडीला एरंडेलाचं वंगन चोपडलं की ती कुरकुरत का हुईना, चालते. ट्रेलरचं चाक रस्त्यानं पळून तापतं आनि होडी सोडायला तसंच पान्यात उतरतं. तापलेलं लोखंड गार पान्यात गेलं की ते आत पानी वढून घेतं. आत बेरिंग असतं. त्यात पानी शिरलं की गंज, गंज चढला की बेरिंग अडकतं, आनि बेरिंग अडकलं की चाक जागच्या जागी खुंटतं. म्हनून उतारावर गेलं की आधी थांबायचं, चाकाच्या गाभ्यावर हात ठेवून बघायचं, निवलं की मंगच पान्यात.

मी मुळेच्या धरनावर होडी हाकायचो. ट्रेलरबी माझ्याच ताब्यात. दर खेपेनंतर चाकाची लोखंडी टोपी काढायची, जुनं ग्रीस पुसायचं, बेरिंग रॉकेलमधी धुवायचं, तळहातावर नवं ग्रीस घ्यायचं आनि बेरिंगाच्या फटीफटीत दाबून भरायचं, हे मी कुनी न सांगता करत आलो. लोक हसायचे. आमच्या जीपचा डायवर आमोस तर लई चेष्टा करायचा.

"रंगनाथ, एवढं तेल बायकूच्या येनीला लाव एकदा. जन्मभर गोड जेवू घालंल."

"तू तुझी जीप सांभाळ. माझ्या चाकाला नजर लावू नको," मी म्हनायचो. मला चेष्टा खपत न्हाई. पर आमोसची खपायची, कारन मानूस सोन्यासारखा.

बायकू माझी छबू. तिचं माहेर चिंचवाडी. धरनाचं पानी चढलं तसा जुना रस्ता बुडाला आनि चिंचवाडी पल्याडच्या काठाला गेली. एस्टीनं फिरून जायचं तर उगवतीला निघालेला मानूस मावळतीला पोचायचा. होडीनं मातर इकडं पान खाल्लं तर तिकडं थुकायचं, एवढंच अंतर. म्हनून छबू त्या होडीला 'माझ्या माहेरची वाट' म्हनायची. मी ट्रेलरखाली लोळत असलो की शेजारी येऊन बसायची, चिंध्या हातात द्यायची, हे काय आनि ते काय इचारायची.

माहेरी तिची आई राहीबाई आनि धाकटा भाऊ कानिफनाथ. बाप लवकर गेला. आई रोजानं दुसऱ्याच्या रानात जायची, तवा कानिफला छबूनंच कडंवर वाढवला. भाऊ म्हना का लेकरू म्हना, तिला एकच. पोरगा बी तसाच गुनाचा. मला 'दाजी, दाजी' करत होडीत बसायचा आनि माझ्या हातनं वल्हं काढून घ्यायचा. दिवाळीनंतर त्याचं लगीन धरलं हुतं. छबूनं मुंडावळ्या सुदिक घेऊन ठिवल्या हुत्या.

त्या साली दुष्काळ सरून पाऊसपानी झालेलं, धरन भरलेलं, बाजरी सोंगायला आलेली. खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. शेतकऱ्याचा इळा, सुताराचा वाकस, माझा पाना-हातोडा. पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटेपतूर हत्याराला हात लावायचा न्हाई, त्येला इसावा असतो. एरवी होडी उतारावर पान्यातच बांधलेली असायची. सनासाठी मातर ती ट्रेलरवर घालून धरनाच्या कॉलनीत, घरापाशी आनली, धुतली, नाकाडावर शेंदूर लावला. दोन्ही चाकाच्या टोप्या काढल्या, बेरिंगं धुतली, नवं ग्रीस भरून परत बसवली. टोप्या तेवढ्या पाटावर ठिवल्या, पाना-हातोड्याशेजारी, पूजेला. आनि मी कालव्यावर आंघोळीला गेलो.

परत आलो तर छबूची पूजा उरकलेली. टोप्या चाकाला बसवलेल्या, आनि दोन्ही टोप्यांवर हळदीकुंकवाची पाची बोटं उठलेली.

"उघड्या ऱ्हायल्या तर धूळ जाईल आत," ती म्हनाली. "तुमी ठोकता तशाच लाकडानं ठोकून बसवल्या. बघा बरं."

मी बघितल्या. अगदी नीट बसल्या हुत्या. "अगं बाई, तू तर मिस्त्री झालीस की!" म्हनलं. ती लाजली आनि पुरनाचं बघायला आत पळाली. मला लई बरं वाटलं. एवढं बरं वाटायला नको हुतं, असं आता म्हनतो, पर तवा काय ठावं?

दुपार कलायच्या आत भोयाचा बन्सी धावत आला. अंगावरनं पानी निथळतंय, पाठीला वाळल्या भोपळ्यांची सांगड. पल्याडनं पोहत आलेला.

"रंगनाथ, होडी काढ! कानिफला पान लागलंय. कालच्या सोंगलेल्या बाजरीची पेंडी उचलताना खाली नाग हुता. लोक देवळात न्यायला निघालेत, पर राहीबाई आडवी पडलीया. म्हनती, माझ्या जावयाला बोलवा, मी लेकराला दवाखान्यात नेनार."

"सुदीवर हाय का?"

"हाय. बोलतोय. पर पाय मांडीपतूर सुजलाय. सांगडीवर काय त्येला घालता येत न्हाई."

छबू दारात उभी. हातातलं पुरनाचं पातेलं कवा खाली पडलं, तिलाबी कळलं न्हाई. सनावाराचं एवढं पाळनारी बाई, पर तिनंच पाटाकडं धाव घेतली, पूजेतला पाना उचलला आनि माझ्या हातात कोंबला.

"जावा. माझ्या कानिफला आना."

तिला संगं यायचं हुतं. मी म्हनलं, त्येला होडीत आडवा घालायचा हाय, जागा पायजे, तू हितंच थांब. ती थांबली. बन्सी परत पान्यात पडला, 'होडी येतीया' म्हनून पल्याड सांगायला. आमोसनं जीपला ट्रेलर जोडला आनि आमी निघालो. कॉलनीजवळ सगळा कडा, होडी सोडायचा उतार लांब. आमोसला म्हनलं, "आज चाक निवायची वाट बघायची न्हाई. गेलो की तसंच पान्यात घाल. बेरिंगाचं मरू दे." तो म्हनला, "जीपचंबी मरू दे." आनि त्यानं जी दामटली!

अर्ध्या वाटंवर आधी वास आला. मंग चरचर. मंग डाव्या चाकानं अशी किंकाळी फोडली की बांधावरच्या बायका उठून उभ्या ऱ्हायल्या. ट्रेलर एका अंगाला कलला, चाक खुंटलं, टायर रस्त्यावर घासत गेला. आमोसनं ब्रेक दाबला.

मी उडी मारली. गाभा एवढा तापलेला की धोतराचा सोगा गुंडाळून टोपी काढावी लागली. माझ्या मनात एकच: नवं ग्रीस, सकाळीच भरलेलं, मंग झालं तरी काय? टोपी निघाली आनि आत बघितलं.

काळ्या ग्रीसमधी पिवळं हुतं, लाल हुतं. बेरिंगाच्या फटीत तांदळाचे दाने भरडून अडकलेले. गुळाचा खडा जळून कोळसा झालेला, त्याचाच तो वास. बेरिंगाचा पिंजरा फुटून आतले लोखंडी रोळ इकडं तिकडं गेलेले. उजव्या चाकाची टोपी काढली. तिथं बी तेच, अजून फुटलं न्हवतं एवढंच.

आमोसनं बोटावर घेऊन बघितलं. "हे काय रे?" म्हनला. मंग त्याचं त्येलाच उमगलं. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. बोट पँटीला पुसलं.

छबूनं चाकाची पूजा केली हुती हो! वरनं न्हाई, आतनं. घरधन्याचं चाक, माहेरची वाट, तिला वाटलं चाकाच्या उघड्या तोंडात अक्षता वाहाव्यात, गोड ठिवावं. देवाला ठिवतो तसं. एवढ्या मायेनं केलं तिनं, आनि कुनासाठी केलं? राग तरी कुनावर काढायचा? मी टोपी रस्त्यावर आपटली आनि मोठ्यानं आरडलो. काय आरडलो ते आठवत न्हाई.

जीपच्या टाकीतलं पेट्रोल काढून धुतलं. काय उपयेग? फुटलेलं बेरिंग जोडता येतंय व्हय? मंग बांधावरच्या गड्यांना हाका मारल्या. सनाचा दिवस, बैल इसाव्याला, तरी एका म्हाताऱ्यानं न बोलता गाडी जुपली. सगळ्यांनी खांदे लावून होडी बैलगाडीवर चढवली. बैलगाडी ती बैलगाडी. मी बैलांच्या पुढं पळत हुतो, मागं पळत हुतो, शिव्या देत हुतो. बैल आपल्या चालीनं चालले हुते.

उतारावर पोचलो तवा दिवस बुडायला आलेला. मी आनि आमोसनं जीव खाऊन वल्ही मारली. पल्याडच्या काठावर अख्खी चिंचवाडी उभी. कुनी हात करीना, कुनी हाळी देईना. तवाच कळलं मला. कळलं तरी वल्ही मारतच ऱ्हायलो.

राहीबाईच्या मांडीवर त्याचं डोकं. बन्सी म्हनला, "आत्ता आत्तापतूर इचारत हुता. दाजींची होडी दिसती का, दाजींची होडी दिसती का."

मी खाली बसलो आनि पोराचे पाय धरून रडलो. मेहुन्याचे पाय धरत न्हाईत म्हने. कोन म्हनतं?

राहीबाईनं मला ढकललं. "काठावर बसून वाट बघितली आमी! एवढा चाकाचा डौल सांगता, आनि आजच चाक खुंटलं तुमचं? माझं लेकरू गिळलं तुमच्या चाकानं!" आमोस काय तरी बोलायला पुढं झाला, मी त्याचा दंड धरला.

छबू दुसऱ्या दिशी आली. दहावं झालं, तेरावं झालं, ती आईपाशीच ऱ्हायली. माझ्याशी बोलली न्हाई. दिवाळी गेली. भावकीत, बाजारात, जो तो म्हनायचा, रंगनाथनं सनाच्या नादात चाकाकडं बघितलं न्हाई. म्हनू दे. लोकांच्या तोंडाला काय हात लावता येतो?

आमोस रोज डोकं खायचा. "सांग तिला. न्हाईतर मी सांगतो. तुझा संसार बुडंल, येड्या."

"आमोस, तुझ्या येशूची आन हाय तुला," मी म्हनलं. "कडंवर वाढवलेला पोरगा हाय त्यो तिचा. आपल्या हातनं गेला, असं कळलं तर ती त्या पान्यापासनं एक दीस तरी लांब ऱ्हाईल का?"

तो डोळं पुसत जीपखाली शिरला.

मंग मी तिला आनायला गेलो. एकटाच, होडीनं. ती काठालाच धुनं धूत हुती. लई वाळली हुती. मला बघून उठली न्हाई. मी होडीतच उभा.

"छबू, घरी चल."

"एक इचारू?" ती म्हनाली. हातातलं लुगडं पिळत ऱ्हायली, त्यात पानी उरलं न्हवतं तरी. "खरं सांगाल का?"

"इचार."

"त्या दिशी मी टोप्या लावायच्या आधी चाकाच्या आत अक्षता वाहिल्या हुत्या. हळदकुंकू घातलं हुतं. गुळाचा खडा ठिवला हुता." तिचा आवाज फुटला. "रोज राती त्येच डोळ्यापुढं येतं. झोप न्हाई. त्यानं तर चाक न्हाई ना अडकलं? माझ्यानं तर न्हाई ना झालं?"

तिचे डोळे माझ्यावर. एवढं भ्यालेलं मानूस मी कवा बघितलं न्हाई. मला हसायचं हुतं, आनि मी हसलो. कसा हसलो, देव जानं.

"येडी का खुळी तू? तांदळाच्या दान्यानं कुठं लोखंड अडकतंय? पिठाच्या गिरनीत दाना गेला म्हनून जातं बंद पडतं व्हय? मी उघडून बघितलं की. तुझ्या अक्षता तशाच्या तशा, वरच्या वर हुत्या."

"मंग?"

"मंग काय? सन म्हनून आळस केला. वरनं बोट फिरवलं निस्तं. जुनं वाळलेलं ग्रीस तसंच ठिवलं. बेरिंग कोरडं पडलं हुतं."

ती बघत ऱ्हायली. मला वाटलं, लबाडी वळखली. पर न्हाई. तिचं खांदं हळूहळू खाली आलं. डोक्यावरनं पान्याचा हंडा उतरवावा तसा तिनं श्वास सोडला. कितीक दिवसांनी सोडला असंल. मंग तिचं तोंड बदललं. माझ्याकडं असं बघितलं, जसं वाटंवरच्या परक्या मानसाकडं बघावं.

"दोन बोटं ग्रीस," ती म्हनाली. "दोन बोटं ग्रीस न्हाई भरलं तुमी, आनि माझा कानिफ गेला. माझा इस्वास हुता तुमच्यावर. अख्खं गाव बोलत हुतं तवा मी म्हनायची, माझा नवरा चाकाला इसरायचा न्हाई."

"छबू..."

"परत या काठाला होडी लावू नका. मला न्यायला येऊ नका."

तिनं धुन्याचा पिळा बादलीत टाकला आनि वर चालायला लागली. झपाझपा चालली, पाय जड न्हवते तिचे. आज झोपंल ती, मी मनात म्हनलं. आज रातीला नीट झोपंल.

"बरं," मी म्हनलं. तिला ऐकू गेलं न्हाई. मी वल्हं काठाला टेकवलं आनि होडी ढकलली.