सहा आणि सातच्या मधली रेघ

माझ्या रेघा साहेबांच्या डोळ्यांत खुपत होत्या. "दोन-दोन कशाला? ही काय तुरुंगाची खिडकी आहे?" असं त्यांचं आठवडाभर चाललं होतं. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर एकच वेबपान आणि पानावर एकच तक्ता: गाडीचा नंबर आणि ती कुठे गेलीय ते ठिकाण. हे पान मी बनवलंय. प्रत्येक ओळीला वर एक, खाली एक अशी तिची स्वतःची रेघ दिली होती, त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये दोन रेघा आणि थोडी फट दिसायची. साहेबांचा जीव त्या फटीत अडकला होता.

शेवटी मी हात टेकले. पान कसं दिसायचं ते ठरवणाऱ्या सीएसएसच्या कोडमध्ये एक शब्द बदलला की शेजारशेजारच्या दोन रेघांची एकच होते. बदलला. साहेब खूश. "बघा, कसं सुटसुटीत दिसतंय!" म्हणत चहाला गेले. मी लॅपटॉप मिटायला घेतला आणि तेवढ्यात सहा आणि सातच्या मधली रेघ लाल झाली.

गाडी कामावर असली की ड्रायव्हरने ठरावीक वेळाने एक बटण दाबायचं असतं. नाही दाबलं की त्याच्या ओळीच्या दोन्ही रेघा लाल होतात. सकाळपर्यंत पडद्याकडे नुसतं बघून कळलं असतं कोण गप्प आहे ते. आता दोन ओळींच्या मध्ये एकच रेघ होती. ती सहाची खालची समजायची, की सातची वरची?

सात नंबर माझा नवरा चालवतो.

सहा नंबर ताईंचा धाकटा भाऊ. ताई म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीत माइकवर बसतात त्या. भावाला त्यांनीच लहानाचा मोठा केलाय, पण माइकवर तो फक्त "सहा नंबर". "इथे नातीगोती नाहीत," असं त्या नव्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावतात. डबा खाताना मात्र त्याला इतकं बोलतात की बाकीचे ड्रायव्हर ताट घेऊन दुसरीकडे सरकतात.

दोन्ही गाड्या घाटातल्या एकाच अपघाताकडे निघाल्या होत्या. धुकं होतं. बोगद्यापलीकडे माइकचा आवाज पोचत नाही, बटणाचा सिग्नल तेवढा पोचतो.

"कुणाची गं?" ताईंनी विचारलं.

"बघते."

"तूच लावलीस ना रेघ?"

"बघते म्हटलं ना, ताई!"

मी खेकसले. मला खरंच आठवत नव्हतं. एकत्र आलेल्या दोन रेघांची जाडी सारखी असेल तर त्यातली एकच दिसते, दुसरी जाते. वरच्या ओळीची राहते की खालच्या ओळीची, हे मी दरवेळी विसरते आणि दरवेळी नव्याने शोधते. इतके दिवस काही बिघडलं नव्हतं. शोधत बसण्यापेक्षा जुना शब्द परत घातला आणि पान पुन्हा उघडायला लावलं. ते उघडेना, पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

मी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, परत उठले. ताई जागच्या हलल्या नाहीत, फक्त माइकची वायर बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. सकाळी नवऱ्याशी भांडण झालं होतं, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. जाताना मी "जातो" ला "बरं" सुद्धा म्हटलं नव्हतं.

सहा असू दे, मी मनात म्हणत होते. देवा, सहा असू दे. ताईंचा हात माझ्या कोपराला लागत होता तरी म्हणत होते. आणि त्या काय म्हणत असतील तेही मला चांगलं कळत होतं. मला त्यांचा राग आला. खरंच आला, मी माझ्या माणसासाठी मागत होते तेच त्या त्यांच्या माणसासाठी मागत होत्या तरी.

पान उघडलं. फट परत आली. सहाच्या वर लाल, सहाच्या खाली लाल. सातच्या दोन्ही रेघा करड्या, शांत.

"हुश्श!"

तोंडातून निघून गेलं. चांगलं मोठ्याने. परत घेता आलं असतं तर काय हवं होतं!

ताईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना माझ्या तोंडावर सगळं वाचता आलं.

"बरं झालं गं," त्या म्हणाल्या. "तुझा ठीक आहे."

साहेब कप घेऊन दारात आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "अहो, परत दोन-दोन का केल्या?"

ताईंनी माइक पुढे ओढला. तिकडे आवाज पोचत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

"सहा नंबर," त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या. "सहा नंबर, उत्तर द्या." मग माइक दोन्ही हातांत धरला.

"बाळ्या, ताई बोलतेय. बटण दाब रे."