जांभळ्या जिवांची बाटली

मी एक काचेची बाटली बोलतेय. तळ्याकाठच्या चिखलातले जिवाणू प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईने माझ्या पोटात घातले, त्याच दिवशी मी मनोमन वसा घेतला: हवेचा कणही आत येऊ द्यायचा नाही. हवा लागली की माझी बाळं फिकी पडतात. घट्ट बुचाखाली, दिव्यापुढे मात्र अशी जांभळी होतात की बघत राहावं!

हो, उजेडावरच जगतात ती. तो उजेड ती कोणत्या रंगद्रव्याने पकडतात, हे शोधायला ताईने दोन वर्षं घातली. रोज सकाळी विचारायची, "काय गं लेकुरवाळे, बरी आहेस ना?" मी अंगभर सुखावायचे.

परवा परीक्षेचा दिवस उजाडला. तिच्या मार्गदर्शक बाईंनी आधीच बजावलं होतं, "आज वेगळं काही दिसलं नाही, तर बाटली रिकामी कर आणि दुसरा विषय धर."

माझं तर धाबंच दणाणलं!

ताईने माझ्यातला एक थेंब काचपट्टीवर ठेवला. त्यावर हिरवा लेझर सोडायचा. परतणाऱ्या उजेडातला अगदी थोडा रंग बदलून येतो. त्याचा आलेख पडद्यावर उमटतो आणि त्यातल्या शिखरांवरून रंगद्रव्य ओळखतात. ही रामन पद्धत.

शिखरं ठळक यावीत म्हणून ताईने उतावीळपणे लेझरचा जोर पुरता वाढवला. पडद्यावर एकही शिखर नाही!

"यांच्या रंगात दम नाही गं," बाई म्हणाल्या. "दे ओतून."

ताईने सूक्ष्मदर्शकात डोकावलं. किरण पडला तिथे पांढरा डाग.

"बाई, यांचा दोष नाही! मीच भाजलं यांना!"

"मग आच मंद ठेवा की, सुगरणबाई!"

बुचातून सुई घालून ताईने ताजा थेंब काढला. लेझरचा जोर शंभर पटींनी कमी केला. आणि काय सांगू! एक, दोन, तीन शिखरं ताठ उभी राहिली. सगळ्यात उंच तर ओळखीच्या जिवाणूंच्या शिखरापेक्षा डावीकडे सरकलेलं!

बाईंनी चष्मा पुसला. "पुन्हा घे."

आणखी तीन थेंब घेतले. तिन्ही वेळा तेच!

"अगं, हे रंगद्रव्य निराळंच दिसतंय!" बाई खुर्चीतून उठल्याच. ताईने मला छातीशी धरलं, तिचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं.

आज माझी बाळं आणखी दहा बाटल्यांत नांदताहेत. तुम्हालाही कुणी फिकं, निकामी वाटलं, तर टाकून देण्याआधी ताईसारखं करा. आपलीच धग जास्त झाली का ते बघा, ती कमी करा आणि पुन्हा एकदा निरखा. एवढा नेम धराल ना?