तिकीट काढल्यापासूनची कंबर

सौदीतल्या जुबैलच्या कामगार वस्तीतल्या आरोग्य केंद्रात कंबर, मान, गुडघा धरून आलेला माणूस डॉक्टरच्या आधी कौमुदीकडे जाई. ती फिजिओथेरपिस्ट, सांगलीची. तपासायचं, निदान करायचं, गरज पडली तरच डॉक्टरकडे धाडायचं, हे सगळं तिच्याच हाती होतं. सुई नाही, गोळी नाही म्हटल्यावर पेशंटांची तोंडं एवढीएवढीशी होत. पण सोंग ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

रत्नागिरीकडचे जाफरचाचा, पेशानं वेल्डर, त्या दिवशी कण्हतच आत आले. त्यांना एकच कागद हवा होता: पाच किलोच्या वर वजन उचलू नये.

"कधीपासून दुखतंय, चाचा?"

"तिकीट काढल्यापासून," चाचा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

कौमुदीनं गालातल्या गालात हसत त्यांना वाकवलं, वळवलं, पाय उचलायला लावले. दुखणं आधी डावीकडे होतं, मग उजवीकडे गेलं. कंबर ठणठणीत आहे, असं तिनं तोंडावर सांगितलं, तेव्हा चाचांनी कण्हणं सोडलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. गावी निघालेल्याच्या हाती आपापली पुडकी सोपवायची, ही इथली रीतच. कुणाचे खजूर, कुणाचं अत्तर, कुणाचं ब्लँकेट. नाही म्हणणं चाचांच्या रक्तातच नव्हतं. मागच्या खेपेला लोकांच्या ओझ्यापायी लेकीसाठी, सानियासाठी, घेतलेली शिलाई मशीन इथे खोलीतच राहिली. आता शुक्रवारी विमान होतं आणि यंदाही तेच होणार, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. कागद दाखवला की कुणी पुडकं देणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

कौमुदीला त्यांची दयाही आली आणि रागही. खोटा कागद ती देणार नव्हती.

"कंबर नव्हे, जीभ आखडलीय तुमची. व्यायाम देते. दहा वेळा 'नाही' म्हणायचं."

ती स्वतःच खोटीखोटी शेजारीण झाली आणि तिनं दोन किलो खजूर न्याल का म्हणून विचारलं. चाचा लगेच म्हणाले, द्या की. पाचव्या खेपेला कुठे गाडी 'ना'पर्यंत पोचली.

इतक्यात आबिदा दारातून डोकावली. ती केंद्रात नावनोंदणी करायची, चाचांच्याच गावची. आईसाठी छोटासाच डबा होता, नेतील का, असं तिनं विचारलं. चाचांनी कौमुदीकडे पाहिलं. कौमुदी मुद्दाम छताकडे बघत बसली.

"नाय जमणार, बेटा," चाचा म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

आबिदानं मान डोलावली. "बरं. मग सानियासाठी काय नेताय?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. चाचांचे डोळे भरून आले. मशीन कशी आहे, रंग कुठला, हे सांगता सांगता त्यांनी कोपऱ्यातली व्यायामाच्या वजनांची पेटी अलगद छातीपर्यंत उचलली.

"मशीन एवढी भारी हाय वो. एकट्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवली."

आबिदा त्यांच्या कमरेकडे बघतच राहिली. कौमुदीनं कागद पुढे ओढला आणि चाचांना शिक्का मारून खरं तेच लिहून दिलं: कंबर उत्तम. वजन उचलण्यास हरकत नाही. फक्त स्वतःच्या सामानाचं.