कुणाच्या मापानं

साईनाथने शेवटच्या जॉइंटात वाकडी चावी घालून स्क्रू पिळला, पाइप दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि उठून उभा राहिला. दोन लांब पाइप, मध्ये आडवे पाइप, आणि खांद्याला रुतू नये म्हणून चारही टोकांना काळं रबर. शिडी म्हणावी तर शिडी नव्हती. तुळशीपासून होईल तेवढी लांबची जागा त्याने मुद्दाम निवडली होती. पण अंगण ते केवढं! ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या मैनाचे हात सुपातच थांबले.

“ता काय रे?”

“पंचायतीचं काम हाय, आये.”

“पंचायतीचं काम माझ्या दारात कशाला? काय हाय ता सांग.”

साईनाथने पाय चाळवले. “तिरडी,” तो म्हणाला. “लोखंडाची. धुवून परत वापरायची.”

मैना ताडकन उठली. सूप कलंडलं, तांदूळ ओटीभर झाले, पण तिने तिकडे पाहिलंही नाही.

“जितं माणूस घरात असताना तिरडी बांधलीस? तुला काय खूळ लागलाय? तुझा बाप जल्मभर लोकांच्या तिरड्या बांधतो, कधी आधी बांधली त्याने? माणूस गेल्याबिगर सुंभाला हात लावला?” आणि मग एकदम तिचा आवाज उतरला. “कुणाच्या मापानं केलीस?”

साईनाथ खाली बसून फडक्याने पाइप पुसू लागला. पाइप काही मळलेला नव्हता.

दोष एकट्या साईनाथचा नव्हता. आदल्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाचं बांबूचं बेट फुललं आणि वाळून गेलं. बांबू फुलला की मरतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. आता बांबू हवा तर नदीपलीकडे जायचं, आणि पावसाळ्यात नदी काही विचारून चढत नाही. गेल्या श्रावणात गोदूची सासू गेली तर म्हातारीला दुपार टळेपर्यंत ओटीवर ठेवावं लागलं, पलीकडे गेलेली माणसं बांबू घेऊन येईनात. तेव्हाच सरपंच गीताबाईने मनावर घेतलं. साईनाथ आसनगावजवळच्या एका शेडमध्ये कामाला होता. औषधांच्या, कापडाच्या दुकानांना लागणारे रॅक तिथे बनत. वेल्डिंग नाही, ठोकाठोकी नाही. पाइप जॉइंटात सरकवायचा, स्क्रू आवळायचा. नको झालं की सोडवायचं आणि दुसरं काही जोडायचं. गीताबाई त्याला म्हणाली, “दुकानदाराला करतोस, त गावाला कर की एक.” आणि साईनाथने केली.

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. कोंडू भिंतीला धरत दारात आला. खोकल्याने तो निम्मा झाला होता, पण नजर शाबूत होती. त्याने आयुष्यात कधी मेलेल्या माणसाचं माप घेतलं नाही. एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायचा आणि बांबूवर कोयता टाकायचा. कधी बोटभर चुकला नाही. आज त्याने तसंच त्या पाइपांकडे पाहिलं. मग साईनाथकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत.

“सुटी कर,” तो म्हणाला.

“बा, गीताबाई उद्या बघाया येतेय...”

“आत्ताच्या आत्ता सुटी कर.”

गीताबाई आली खरी, पण तोवर गाव विरोधात उठलं होतं. मारुतीच्या देवळामागे ठेवू म्हटलं तर पुजारी नको म्हणाला. शाळेच्या पडवीत म्हटलं तर आया नको म्हणाल्या. गीताबाई म्हणाली, “माझ्या घरात ठेवली असती रे, पण सासू काय म्हनंल? माझी वाट बघतेस का म्हनंल.” शेजारची गोदू, जिच्या सासूपायी हे सगळं झालं, तीच सगळ्यांत मोठ्याने बोलत होती.

“बांबूची जलते, ती माणसाबरोबर जाते. लोखंडाची जलत नाय. जी जलत नाय ती परत येते. नि परत आलेली रिकामी कशी ऱ्हाईल?”

माणसं पांगली. पाइप साईनाथच्याच गळ्यात पडले.

घरात ते कोपऱ्यात उभे राहिले आणि मैना त्यांना वळसा घालून वावरू लागली. साईनाथच्या आधीची तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. त्यांना तिरडी लागली नव्हती. कोंडूने त्यांना हातांवर नेलं होतं, एकदा आणि पुन्हा एकदा. तेव्हापासून मैना अशा गोष्टींना भ्यायची, आणि भ्यायची ते उघड भ्यायची, लपवाछपवी नाही.

“मांडणी कर तुझ्या आयेला,” एके दिवशी कोंडू म्हणाला. “भांडी भुईला लोळतात.”

“त्या पाइपांची?” मैना ओरडली. “अवो, डोस्कं ठिकाणावर हाय ना?”

“सुटं केल्यावर नुसता पाइप तो. काय चावतोय?”

साईनाथने रविवारी मांडणी केली. लांब पाइप भिंतीशी उभे केले, पुढच्या पायांना शेडमधले उरलेले तुकडे आणले, आडव्यांवर फळ्या टाकल्या. कोंडू बाजेवर बसून बघत होता. जॉइंटाचा स्क्रू जिथे आवळला होता तिथे लांब पाइपांवर बारीक खळगे पडले होते. शेडमध्ये त्याला चावा म्हणत. एकदा चावा बसला की जॉइंट पुन्हा नेमका तिथेच बसतो.

“त्या खुणांवर एकपन आडवा घेऊ नको,” कोंडू म्हणाला. “सगले सरकव.”

“सोपं पडतं बा खुणंवर.”

“सरकव म्हटलं ना!”

मैनाने भांडी मांडली, पण कुरकुरत. ताटं, टोप, सणावाराचा पितळी डबा तिने वर ठेवला. पाण्याचा हंडा मात्र जुन्या जागीच राहिला, आणि मिठाची बरणीसुद्धा. लेकाला वाढताना तिचा एकच प्रश्न असायचा.

“खरं सांग. कुणाचं माप घेतलंस?”

“ठरलेलं असतं गो आये कारखान्यात.”

“रॅकचं ठरलेलं असंल. तिरडीचं कोण ठरवतो?”

साईनाथ भात कालवत राहायचा.

दिवाळीनंतर कोंडूचा खोकला वाढला. शहापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, ती संपली, दुसरी दिली. शिमग्यापर्यंत तो बाजेवरून उठेनासा झाला आणि मैनाला तिचं उत्तर मिळालं. पोराने बापाचंच माप घेतलं होतं! म्हातारा झोपला असताना घेतलं असेल सुतळीने, आणि गेला असेल कारखान्यात. नाहीतर नुसत्या खोकल्याने माणूस असा वर्षात वाळतो? तिने साईनाथशी बोलणं जवळजवळ टाकलं. भाकरी पुढ्यात सरकवायची, पण तोंडाकडे बघायची नाही. एकदा न राहवून म्हणाली, “बापाचं माप देऊन आलास. आता बस बघत.”

साईनाथने तोंड उघडलं आणि मिटलं. बाजेवरून कोंडूने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, नाही म्हणून. मैनाला वाटलं, म्हातारा खोकल्याने मान हलवतोय.

आषाढात पावसाने ताळ सोडला. नदी पुलाला लागली. एका दुपारी कोंडूने गीताबाईला बोलावून घेतलं, बायकोला आणि लेकाला जवळ बसवलं.

“मी गेल्यावर बांबू हुडकीत कोणी नदीपल्याड जायचं नाय. माझी शप्पथ हाय. मना त्या पाइपांवर न्यायचं.”

“अभद्र बोलू नका,” मैना म्हणाली. “सगल्या गावाला तुमी बांबूची बांधलीत. तुमाला लोखंडाची?”

“कोनतरी पयला जायाचाच त्याच्यावर. पयला मी.” त्याला धाप लागली. धाप ओसरल्यावर त्याने गीताबाईकडे बघून पुन्हा सांगितलं, “पयला मीच. ध्यानात ठेव गो.”

चार दिवसांनी सकाळी तो गेला.

माणसं इरली, छत्र्या घेऊन अंगणात जमली आणि एकमेकांकडे बघत राहिली. मांडणी सोडव म्हणायचं कुणी? शेवटी मैनाच उठली. तिने मांडणीवरचं पहिलं ताट उतरवलं, मग दुसरं, मग टोप, पितळी डबा. एकेक भांडं तिने भिंतीशी पालथं घातलं. फळ्या उचलल्या. आणि रिकाम्या मांडणीसमोरून बाजूला झाली.

साईनाथने चावी आणली. गोदूच्या नवऱ्याने जॉइंट धरले. “खुणा हायेत की,” तो म्हणाला, “खुणंवर बसव म्हंजे झालं,” आणि आडवे पाइप जुन्या खळग्यांवर नेऊन बसवले. वर पेंढा अंथरला. कोंडूला अंघोळ घालून बाहेर आणलं, डोकं वरच्या आडव्याला लावून निजवलं.

पाय खालच्या आडव्यापर्यंत पोचले नाहीत. चांगली वीतभर जागा उरली.

“लांब झाली रे,” कुणीतरी म्हणालं.

“आसूंदे. पाय मधल्याला बांध.”

ओटीच्या खांबाला धरून उभी असलेली मैना त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. म्हणजे हे माप ह्यांचं नव्हतं. कोंडूचं नव्हतं तर मग कुणाचं? साईनाथ वाकून बापाचे पाय बांधत होता. गाठ मारून तो सरळ उभा राहिला, आणि बापाच्या शेजारी तो किती लांब आहे ते मैनाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्यासारखं दिसलं. लहानपणापासून त्याचे पाय गोधडीबाहेर येत. सगळ्या पाड्यात एवढा लांब माणूस नव्हता. वीतभर. अगदी वीतभरच.

 तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून चुलीपाशी बसलेल्या बायकाही धावत आल्या, तिला धरलं. नवऱ्यासाठी रडतेय असं त्यांना वाटलं. ती नवऱ्यासाठीही रडत होती. ‘सुटी कर’ म्हणणारा, एकही आडवा खुणेवर ठेवू न देणारा, ‘पयला मीच’ म्हणून शपथ घालणारा तो माणूस वर्षभर तिच्या शेजारी झोपला होता आणि तिला एका शब्दाने बोलला नव्हता. बोलला असता तर ती वर्षभर रोज मेली असती, हे त्याला माहीत होतं.

चौघांनी खांदा दिला. पावसात ते दिसेनासे झाले.

अंघोळ करून मैना आत आली. कुडावर अडकवलेली सुतळी तिने काढली आणि खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली.

“गोदू, हे टोक माझ्या टाळूवर धर.”

“आता काय करतेस गो मैने?”

“धर म्हटलं ना.”

गोदूने धरलं. मैनाने खाली बसून टाचेपाशी सुतळीला गाठ मारली. 

माणसं परतली. कडुनिंबाचा पाला चावून, पाय धुऊन जो तो आपापल्या घरी गेला. साईनाथने नदीवर धुऊन आणलेले पाइप, जोडलेले तसेच, बाहेरच्या भिंतीला टेकवले. ते घरात न्यायचे की नाही हे त्याला कळत नव्हतं. मैना सुतळी घेऊन बाहेर आली.

“स्वतःचं माप दिलंस,” ती म्हणाली.

साईनाथने नजर चुकवली. “शेठ साइज सांग म्हणाला. मी फरशीवर आडवा पडलो, पोरांनी खडूनं खूण केली. मी लांब हाय, सगले मावतील म्हणून. दुसऱ्या कुणाचं देणार होतो, आये? जित्या माणसाचं?”

“तू काय मेलेला हायेस?” तिचा आवाज फुटला. तिने पदराने तोंड पुसलं आणि सुतळी त्याच्यापुढे धरली. “खालचा आडवा सोडव. ह्या गाठीवर आण.”

“हे कुणाचं?”

“माझं.”

साईनाथ सुतळीकडे बघत राहिला. ती त्याच्या छातीपर्यंतही येणार नाही असं वाटत होतं. “आये, नको,” तो म्हणाला. मग, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, “मोठं माणूस मावायचं नाय मग.”

“बांबू हुडकतील. लोकांना पाय हायेत.”

“आये...”

“तुझ्या बानं आपला नंबर लावला. आता माझा. आन चावी.”

त्याने चावी आणली. खालचा आडवा सैल केला, सुतळी वरच्या आडव्याला लावून ताणली आणि गाठ आली तिथवर पाइप सरकवला. स्क्रू अर्धा आवळून तो थांबला.

“ढिला ठेवू नको,” मैना म्हणाली. “चावा बसला पायजे.”

साईनाथ रडत होता आणि पिळत होता. स्क्रू आणखी फिरेना तेव्हा मैना पुढे झाली, आडवा पाइप दोन्ही हातांनी धरून तिने जोर लावून हलवून पाहिला. तो हलला नाही.

“आता ने घरात,” ती म्हणाली.